देवमनने हात वर केला

अमरावतीच्या सरकीपेठ चौकात पोलीस उभा करा, असं व्यापारी म्हणत होते, कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका म्हणत होत्या, वर्तमानपत्रवाले तर दर आठवड्याला छापत होते. सगळ्यांचं म्हणणं रास्त होतं आणि कोणाच्याच म्हणण्याने काडी हलत नव्हती. शेवटी काम झालं ते गोदाबाईच्या मोडक्या पायाने.

गोदाबाई चौकाच्या कोपऱ्यावर अंबाडीची भाजी, मिरच्या आणि लिंबं घेऊन बसायची. साठ सालच्या कापसाच्या हंगामात एक भरली बैलबंडी वळता वळता तिच्या अंगावर आली. टोपलं वाचलं, पाय गेला. पाय बांधून ती घरी पडून राहिली, आणि उठून चालायला लागली तशी काठी टेकत आपलं टोपलं घेऊन थेट पोलीस ठाण्याच्या फाटकात जाऊन बसली. "जोवर चौकात पोलीस येत नाही तोवर माया धंदा अठीच," म्हणाली. शिपाई हाकलायला गेले तर तिने पाय पुढे केला. "हा घ्या. याले उचलून न्या आधी." कोण उचलणार? शिपायांच्या बायका तिच्याकडूनच भाजी घ्यायला लागल्या, फौजदार येता-जाता तिच्या तोंडचा आहेर ऐकायला लागला. पुढचा हंगाम तोंडावर आला तेव्हा चौकाच्या मधोमध सिमेंटचा एक गोल ओटा झाला, त्यावर छत्री आली, आणि गोदाबाई टोपलं उचलून आपल्या कोपऱ्यावर परत गेली.

त्या चौकाची कळा काय सांगावी! एका रस्त्याने बाजारातल्या कापसाच्या बंड्या यायच्या, दुसऱ्याने स्टेशनचे टांगे, तिसऱ्याने कापडपेठेतले हातठेले, चौथ्याने शाळेच्या पोरी आणि कचेरीतले सायकलवाले. सगळे एकदम मधोमध येऊन भिडायचे आणि 'आधी मी' हा एकच कायदा चालायचा. त्यात खिसेकापूंची चंगळ. कापूस विकून निघालेला माणूस कोपरीच्या खिशावर हात दाबून या गर्दीत शिरायचा. बैल बुजले की त्यांना आवरायला दोन्ही हात पुढे करायचा, तेवढ्यात खिसा साफ. दिवेलागण झाली की बायका पेठेत पाऊल टाकायला धजत नव्हत्या. भर शहराच्या पोटात अशी जागा, आणि खाकी कपडा औषधाला दिसत नव्हता.

आता ओटा तर झाला, पण त्यावर चढणार कोण? पोलीस लाइनीत जमादार मोतीराम यांनी विचारलं तेव्हा सगळे आपापल्या बुटांकडे पाहायला लागले. उन्हात तापायचं, धूळ खायची, वर टांगेवाल्यांच्या शिव्या. एकटा देवमन दोन पावलं पुढे आला. नुसता आला नाही, जवळजवळ उडी मारली.

देवमन दर्यापूरकडच्या एका खेड्यातला. पंचविशीचा, उंच, काटकुळा, आणि तोंडावर कायम हसू. बाप जानराव गावचा जागल्या होता. साहेब येणार असला, ढोर हरवलं, कोणाची सुतकी खबर द्यायची असली, की जानरावने वेशीपासून गल्लोगल्ली हाळी देत फिरायचं. त्याचा आवाज असा की नदीपलीकडच्या गावाने ऐकावा. गावाला त्याचा आवाज हवा होता. तो स्वतः समोर आलेला मात्र कोणाला चालत नव्हता. छप्पन साली बापलेक दोघंही नागपूरला जाऊन आले, बौद्ध झाले, आणि परत आल्या आल्या जानरावने ती जागलकीची काठी पाटलाच्या ओसरीवर नेऊन ठेवली. देवमन पोलिसात लागला. लागला खरा, पण नेमणूक मिळाली अकोल्याला, खजिन्याच्या पहाऱ्यावर. ज्या दाराला आधीच भलंथोरलं कुलूप आहे, त्या दारासमोर बंदूक घेऊन उभं राहायचं! कोणी येत नाही, कोणी जात नाही, कोणी पाहत नाही. मग बदलून अमरावतीला आला तरी काम तेच. आणि अशात चौकाच्या मधोमध, चहूकडून दिसेल असं उभं राहायचं काम निघालं म्हटल्यावर हा गडी मागे राहतो कसला!

त्याला नागपूरला पाठवलं, तिथून तो हातवारे शिकून आला. मग लाइनीत त्याची तालीम सुरू झाली. कोंबड्या थांबव, दूधवाल्याची सायकल थांबव. बायको ललिता नळावरून डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन आली की हा दारात हात वर करून उभा.

"अवो, खाली करा थो हात," ती म्हणायची. "मान मोडून राहिली माई."

"कायदा म्हंजे कायदा."

"मंग आज कायदाच रांधून खाजा."

हात लगेच खाली यायचा. पण ललितालाही मनातून कौतुक होतं. ड्युटीच्या आदल्या दिवशी तिने त्याच्या पांढऱ्या बाह्या नीळ घालून धुतल्या आणि गरम पाण्याचा तांब्या फिरवून अशा कडक केल्या की कोपर वाकेना.

पहिल्या दिवशी सरकीपेठेत जत्रा. दुकानदार गाद्या सोडून फळीवर उभे, टांगेवाले मुद्दाम फेऱ्या मारताहेत, गोदाबाई तर सकाळपासून कोणाला भाजी विकेना. देवमन ओट्यावर चढला. बाजाराच्या रस्त्याने कापसाने शिगोशीग भरलेली एक बंडी आली. देवमनने छाती भरून श्वास घेतला आणि पंजा उघडा करून हात वर केला.

बंडीवाल्याने वर पाहिलं. त्याचं तोंड एकदम खुललं. त्याने कासरा एका हातात घेतला, दुसरा हात कपाळाला नेला, "राम राम साहेब!" म्हणाला आणि बंडी तशीच पुढे घातली.

मागच्याने "राम राम" केला. त्याच्या मागच्याने केला. एक म्हातारा तर बंडी चालती ठेवून दोन्ही हात जोडून गेला. वलगावकडून येणाऱ्या एका बंडीवर देवमनच्याच समाजाचे दोघे तरुण होते, त्यांनी खणखणीत "जय भीम!" ठोकला आणि तेही गेले. देवमनचा हात वरच्या वर, खालून सगळा चौक सुखरूप वाहतोय. पेठेत हसून हसून लोकांची पोटं दुखली.

गोदाबाई मात्र हसली नाही. ती कोपऱ्यावरून ओरडली, "याच्यासाठी बसली होती का मी फाटकात! हात दाखवाले ठेवलं का याले? हात पाहाले जोशी नाही गावात?"

असे दिवस जात राहिले. जमादार मोतीराम यांचं डोकं फिरलं. माणूस वाईट नव्हता, पण त्यांची सगळी पोलिसी दंड्यात होती.

"अबे देवमन, हात कायले दाखवून राहिला? दंडा दाखव. दोघाचौघायच्या पाठीत घाल, मंग पाह्य कसे उभे राह्यतात थे."

"दंड्यानं बैल बुजतीन, साहेब. मंग अजून एखाद्या बाईचा पाय जाईन."

"मंग गळा काढ! तुया बापाची हाळी नदीपल्याड जायची म्हंतात. तुयात काही उतरलं का नाही?"

जमादारांनी हे सहज म्हटलं. देवमनच्या तोंडावरचं हसू मात्र त्या दिवशी पहिल्यांदा गेलं.

"हाळी माया बानं दिली तेवढी पुरे झाली, जमादारसाहेब," तो म्हणाला. "त्याचा आवाज समद्यायनं ऐकला, त्याच्याकडं कोनं पाह्यलं नाही. माया हात पाहून थांबन त्याले थांबू द्या. मी वरडणार नाही."

जमादारांनी खांदे उडवले. "तुई मर्जी. पण ऐकून ठेव. मोठे साहेब संक्रांतीच्या बाजाराले सोता चौक पाहाले येऊन राहिले. तवापर्यंत हे बंडीवाल्यायचं बेनं थांबलं नाही तर ओटा उखडून टाकू म्हंतात, अन् तू पुन्ना खजिन्यावर."

पुन्हा ते कुलूप! आणि प्रश्न देवमनच्या एकट्याचा नव्हता. ओटा गेला की गोदाबाईच्या कोपऱ्यावर पुन्हा चाकं चढणार, शाळेच्या पोरी पुन्हा बैलांच्या शिंगांखालून पळणार. पण ओरडायचं नाही म्हणजे नाही. हट्टी बापाचा हट्टी पोरगा, दुसरं काय!

पण हट्टाला अक्कलही जोडावी लागते. एका दुपारी त्याने रस्त्यावर उतरून एका बंडीवाल्याला गाठलं. पुंजाराम नावाचा चांदूरकडचा हा बेरकी म्हातारा रोज यायचा आणि रोज सगळ्यात मोठ्याने राम राम करायचा.

"काका, मी हात वर करतो, तुमी थांबत काहून नाही?"

पुंजाराम चकित झाला. "थांबू? कायले थांबू? तुमी राम राम करता, आमी राम राम करतो. चालत्या बंडीवरून केला तर चालत नाही का?"

"म्या राम राम नाही केला."

"मंग काय केलं?"

"थांबा म्हनलं!"

"हासत हासत?" पुंजारामने विचारलं. "बाप्पा, आमाले वाटलं, पोलीस चांगला भेटला यंदा. आमच्या गावात तर चर्चा हाये. अमरावतीले नवा पोलीस आला, लय मायाळू, दिसन त्या बंडीले सलाम करते."

देवमन कपाळाला हात लावून मटकन ओट्यावर बसला. रात्री जेवताना त्याने हे सांगितलं, तर ललिता भाकरी तव्यावर तशीच ठेवून हसत सुटली.

"खरंच हासता तुमी," ती म्हणाली. "हात वर गेला का दात बाहीर येतात तुमचे. रोज दिसते मले."

दुसऱ्या दिवशी देवमनने तोंड आवळून हात वर केला. भिवया जवळ आणल्या, गाल आत ओढले. तासाभरात गोदाबाई काठी टेकत ओट्यापाशी आली. "पोटात दुखून राहिलं का रे, बाबू? ओवा देऊ?" झालं. देवमनला हसू फुटलं आणि समोरून तीन बंड्या राम राम करत निघून गेल्या.

चेहरा बदलणं काही जमणार नव्हतं. मग एके दिवशी, चौकातली ड्युटी सुरू व्हायच्या आधी, फटफटलं नसेल तोच तो कापूस बाजारात गेला. तिथे बंड्यांच्या रांगा सुटलेल्या, बैल कडबा खाताहेत, माणसं शेकोट्यांशी बसलेली. देवमन वर्दीत, पांढऱ्या बाह्या चढवून, त्यांच्या मध्ये जाऊन उभा राहिला. काही जण बिचकून उठले.

"बसा बसा, दादाहो," तो म्हणाला. "एक गोष्ट सांगतो, मंग जातो. बंडीचा कासरा कोनाच्या हाती असते?"

"हाकनाऱ्याच्या."

"बैल का ऐकते? वरडल्यानं का कासऱ्यानं?"

"कासऱ्यानं. नुसतं वरडून कोन ऐकते?"

"बस! चौकात आलं का तो कासरा माया हाती. हा हात म्हंजे कासरा. वर गेला का वढला. खाली आला का सोडला. राम राम करायचा तर थांबून करा, मी पन करतो."

मग पुंजाराम उठला. त्याने दोन तरण्या पोरांना मानेला धरून पुढे आणलं, जुवासारखी एक काठी त्यांच्या खांद्यावर ठेवली आणि मागून "हैक हैक" करत त्यांना देवमनच्या अंगावर पिटाळलं. देवमनने हात वर केला. पुंजारामने त्यांच्या सदऱ्याची टोकं खसकन ओढली, दोघेही बैल कोलमडून मागे पडले आणि सगळा बाजार खदखदला. मग ज्याला त्याला बैल व्हायचं होतं, ज्याला त्याला पोलीस व्हायचं होतं. उजाडेपर्यंत हाच खेळ. बाजारात दर हंगामाला नाना करमणुकी येतात, पण फुकटात पोलीस नाचवायला मिळाला हे पहिल्यांदाच.

आणि त्या दिवशी काय झालं! पहिली बंडी पुंजारामचीच आली. देवमनचा हात वर गेला. पुंजारामने कासरा ओढला. बैल थांबले. मागची बंडी थांबली, तिच्या मागची थांबली, पार बाजाराच्या फाटकापर्यंत रांग उभी राहिली. टांगेवाल्यांना दुसरी वाटच उरली नाही, तेही थांबले. सायकलवाले एक पाय टेकून उभे. सगळी सरकीपेठ चिडीचूप. मग शाळेच्या पोरी दोघी-दोघींच्या जोडीने रस्ता ओलांडायला लागल्या, आधी बिचकत, मग ऐटीत, एकीने तर बैलाच्या कपाळावर हातही फिरवला. देवमनच्या डोळ्यांत पाणी तरळलं आणि दात बाहेरच होते. "थांबले गं बाई, थांबले!" गोदाबाई काठी आपटत ओरडत होती आणि भाजी घ्यायला आलेल्या बायकांना मिरच्या फुकट वाटत होती.

मग चौकाचा नूरच पालटला. बंड्या थांबल्या की गर्दी थांबायची, आणि गर्दी थांबली की कोणाचा हात कोणाच्या खिशात आहे ते ओट्यावरून स्वच्छ दिसायचं. असाच एक खिसेकापू देवमनने शिट्टी मारून दाखवला, तर बंडीवाल्यांनीच उड्या टाकून त्याला धरला. बाकीच्यांनी काय ते ओळखलं आणि आपला मुक्काम दुसऱ्या गावी हलवला. बायका दिवे लागल्यावरही बांगड्या भरायला, कापड घ्यायला येऊ लागल्या. पोलीस काही करो न करो, तो तिथे आहे हे दिसलं पाहिजे, असं पेठेतले लोक जो तो शहाणपणाने एकमेकांना सांगायला लागले. जणू हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं!

बंड्या गावोगावी परत गेल्या आणि त्यांच्याबरोबर ही बातमीही गेली. जाता जाता ती दर्यापूरकडच्या त्या खेड्यात जानरावच्या कानी पडली. जानरावचा देवमन अमरावतीच्या भर चौकात उभा राहतो आणि त्याने नुसता हात वर केला की पाटलाची असो की सावकाराची, बंडी जागच्या जागी उभी राहते. जानराव ऐकून घ्यायचा आणि मान हलवायचा. "लोकं काही बी सांगतात." देवमनने आजवर चारदा बोलावलं तरी तो शहरात आला नव्हता. पण ही गोष्ट काही त्याच्या गळ्याखाली उतरेना. शेवटी संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भरबाजाराच्या दिवशी, म्हातारा एसटीत बसला.

ललिताने त्याला चहा पाजला. "मामाजी, सरळ जा," ती म्हणाली. "पेठेत कोनालेही इचारा, हातवाला पोलीस कोठी हाये. नेऊन पोचवतीन."

त्या दिवशी चौकात मुंगीला शिरायला जागा नव्हती. ऊस, बोरं, गाजरं, तिळाचे ढीग, वाणाच्या खरेदीला आलेल्या बायका, आणि बंड्यांवर बंड्या. जमादार मोतीराम सकाळपासून घाम पुसत उभे होते. मोठ्या साहेबांची जीप कधीही येणार होती. देवमनचे हात दुखायला आले होते, पण अंगात नुसतं वारं भरलेलं. आज निकाल होता.

आणि तेवढ्यात त्याला कापडपेठेच्या तोंडाशी बाप दिसला. पांढरा पटका, हातात पिशवी, गर्दीत हरवून गेलेला. देवमनला वाटलं, धावत जावं. पण ओटा सोडता येत नव्हता. त्याच वेळी बाजाराच्या रस्त्याने घुंगरांचा आवाज आला.

तो आवाज जानरावने ऐकला आणि देवमननेही. दोघांनाही तो पाठ होता. नत्थुजी पाटलांची दमणी. त्यांच्या गावच्या पाटलांची, पांढऱ्याशुभ्र बैलांची, रंगीत छताची. गावात ती यायला लागली की जानरावने रस्ता सोडायचा, खाली नालीत उतरायचं, वहाणा काढून हातात घ्यायच्या, मान खाली घालायची आणि धूळ बसेपर्यंत तसंच उभं राहायचं. काठी सोडली, धर्म बदलला, पण पन्नास वर्षांची अंगाची खोड घुंगरं ऐकताच जागी झाली. अमरावतीच्या भर पेठेत म्हातारा नालीत उतरला. वहाणा हातात. मान खाली.

देवमनने ते पाहिलं. मग त्याने दमणीकडे तोंड केलं आणि हात वर केला.

दमणीच्या गड्याने कासरा ओढला. बैल फुरफुरत उभे राहिले. छताखालून आवाज आला, "काहून थांबला बे?"

"हात वर हाये, मालक."

"कोनाचा?"

"पोलीसचा. आपल्या जानरावचा देवमन हाये थो."

नत्थुजी पाटलांनी बाहेर डोकं काढलं. म्हातारा माणूस, मोठ्या मिशा, आयुष्यात कोणासाठी बैल उभे केले नव्हते. त्यांनी ओट्यावरच्या देवमनकडे पाहिलं. मग खाली नालीत पाहिलं. देवमनचा हात खाली येत नव्हता. 'हाक' म्हटलं असतं तर गड्याने हाकली असती, आणि मग आख्खा चौक पुन्हा सुटला असता.

"राहू दे उभी," नत्थुजी म्हणाले.

चौक थांबला. पण ज्याच्यासाठी थांबला तो हलेना! जानरावची मान खालीच. तो दमणी जायची वाट पाहत होता आणि दमणी तो जायची. मागे भोंगा वाजला. दमणीच्या पाठीशी मोठ्या साहेबांची जीप येऊन उभी होती.

जमादार मोतीराम ओट्यापाशी धावले. "अबे सोड! साहेब हाये मांगं! कोन जाऊन राहिलं अठून? कोनीच नाही! खाली घे हात!"

भोंगा पुन्हा वाजला. 'बा' म्हणून एक हाक मारली असती तरी काम झालं असतं. देवमनच्या ओठांवर ती आलीही. पण बापाने मान वर करून स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं, असं त्याला इतकं वाटत होतं, इतकं वाटत होतं, की त्याने दात आवळले आणि हात आणखी ताठ केला. खजिन्यावर पाठवा, नाही तर घरी पाठवा. हा हात आज म्हातारा पलीकडे गेल्याशिवाय खाली येणार नव्हता.

शेवटी गोदाबाईलाच राहवलं नाही. ती काठी टेकत नालीपाशी गेली आणि तिने जानरावच्या खांद्याला हलवलं. "ओ बुडेबा! झोपले का? वर पाहा ना! थे समदं तुमच्यासाठी थांबलं हाये!"

जानरावने मान वर केली. आधी त्याला बैल दिसले, पांढरे, ओळखीचे, जागच्या जागी उभे. मागे जीप. तिच्या मागे नजर पोचेपर्यंत बंड्याच बंड्या, आणि एवढ्या माणसांचा एक आवाज नाही. मग त्याला ओट्यावरची ती पांढरी बाही दिसली आणि बाहीच्या वरचं तोंड दिसलं.

"चाला, बा," देवमन म्हणाला. ओरडून नव्हे, दारात उभं राहून म्हणावं तसं.

जानराव पाटलांकडे पाहत राहिला.

"जाय, जानराव," नत्थुजी छताखालून म्हणाले. "थांबलो हाओ मी."

म्हाताऱ्याने वहाणा खाली ठेवल्या. एकीचा अंगठा सापडेना. पायांत घातल्या, पटका सारखा केला आणि तो रस्त्यावर चढला. बैलांच्या नाकासमोरून, आपल्या चालीने, कोणतीही घाई न करता तो चौक ओलांडून गेला. पेठेतल्या कोणालाही हा म्हातारा कोण ते माहीत नव्हतं, तरी फळीवरचे दुकानदार टाळ्या वाजवायला लागले. बंडीवाले ओरडायला लागले. पुंजाराम तर बंडीवर उभा राहून पटका उडवत होता.

मोठे साहेब जीपमधून उतरून पुढे आले होते. त्यांनी मागे पाहिलं, बाजाराच्या फाटकापर्यंत गेलेली ती शांत रांग पाहिली. "सगळे थांबतात की हो, जमादार," ते म्हणाले. "ओटा राहू द्या. आणि हा माणूसही इथेच राहू द्या."

"होय साहेब! मीच शिकवलं त्याले," जमादारांनी सलाम ठोकला. तेवढं तर त्यांना बोलू द्यावंच लागतं.

देवमनने सुटकेचा श्वास टाकला. त्याचा हात खाली येऊ लागला, दमणीच्या गड्याने कासरा सैल केला. आणि तेवढ्यात पलीकडे पोचलेला जानराव वळला. त्याने एकवार पोराकडे पाहिलं आणि परत रस्त्यावर पाऊल टाकलं.

देवमनचा हात झपकन वर गेला. बैल पुन्हा थांबले.

"अरे जानराव!" नत्थुजी दमणीतून ओरडले. "आता अजून कितीदा जाशीन बाप्पा?"

म्हातारा बरोबर चौकाच्या मधोमध, पोराच्या ओट्यापाशी येऊन थांबला. एवढ्या वर्षांत कोणी ऐकला नव्हता असा त्याचा आवाज होता, हळू, मजेतला, आपल्या माणसाशी बोलावं असा.

"आजवर मी थांबलो तितक्यांदा, पाटील."